संत्र्याचे पैसे

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी पास झाले तेव्हा घरचे म्हणाले, पुरे. मलाही वाटलं पुरे. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, माफ करावं. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना निदान समोर कोणी बसलेलं नसतं.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. सासरी सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे गोदाम आणि गोदामावरच्या माडीत आम्ही राहायचो. ढेपेचा वास लुगड्यांना यायचा, केसांना यायचा, भाकरीलासुद्धा यायचा. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं. वडिलांची संत्र्याची बाग होती, फार मोठी नव्हे. लग्नात त्यांनी थोडी भांडी आणि दोन पातळं दिली. सासूबाई ते कोणाला विसरू देत नसत.

"आमच्या सुनेच्या बापानं काय देल्लं म्हनता? एक गंज, एक परात, अन् ही तोंडाले कुलूप लावलेली पोट्टी."

पाहुणे हसत. मीही खाली बघून हसायची. हसले नाही तर पाहुणे गेल्यावर त्याचा वेगळा मार बसे.

मालकांना मी 'हे' म्हणायची, इथेही तसंच लिहिते. हे मला पहिल्या वर्षापासून मारत. बाजारात ढेपेचा भाव पडला त्या दिवशी मार ठरलेला. भाव चढला तर दारू पिऊन मारत. पहिल्या खेपेला मी पोटुशी असताना त्यांनी जिन्यावरून ढकललं आणि ते मूल गेलं. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. त्यानंतर काही झालं नाही. मुलगी मात्र हुशार निघाली. गोदामात पोत्यांवर बसून अभ्यास करायची, कारण माडीवर आवाज असायचे.

पुढे दुकान चांगलं चालू लागलं आणि इन्कम टॅक्सचे कागद येऊ लागले. तेव्हा हे अमरावतीच्या एका वकिलांना घेऊन आले. ते याच कामाचे वकील होते. मी दाराआड चहाची कपबशी घेऊन उभी होते म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तुम्ही बायकोला पैसे दिले असं दाखवलं तर उपयोग नाही," वकीलसाहेब म्हणाले. "ते तुमच्याच उत्पन्नात धरतील. पण शेतीच्या उत्पन्नावर हा कर नाही. तुमचे सासरे संत्रेवाले ना? मग त्यांनी लेकीला पैसे दिले. लेकीने पोस्टाची बारा वर्षांची सर्टिफिकिटं घेतली, नातीच्या कॉलेजसाठी. पोस्टाच्या व्याजावरही कर नाही. मुद्दल सुटलं, व्याजही सुटलं."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे ज्यानं फुटकी कवडी देल्ली नाही, त्याच्या नावानं?"

वकीलसाहेब हसले. "आजी, आता ती कवडी दिली असं सगळ्यांनी म्हणायचं. तुम्हीसुद्धा."

त्या दिवसापासून सासूबाईंनी भांड्यांचा विषय काढायचा बंद केला. पाहुण्यांपुढे म्हणू लागल्या, "इचा बाप मोठ्या दिलाचा मानूस हो."

वडिलांना निरोप देऊन बोलावलं. ते धोतर झटकत कडेला बसले. दोन हजारांचा आकडा ऐकून म्हणाले, "जावईबापू, एवढे पैसे मी उभ्या जन्मात एका जागी पाह्यले नाहीत."

"पाहाले कोन सांगून राह्यलं तुमाले?" हे म्हणाले. "सही करा."

वडिलांनी सही केली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सर्टिफिकिटं माझ्या नावावर झाली, तिथे माझीही सही घेतली. मग ती खालच्या तिजोरीत गेली आणि तिजोरीची किल्ली यांच्या करदोड्याला.

बरेच दिवस काही झालं नाही. मग इन्कम टॅक्सच्या साहेबांनी कळवलं की बाईंना समक्ष हजर करा, आम्हाला विचारायचं आहे. वकीलसाहेब पुन्हा आले. त्यांनी मला पाठ करायला तीन वाक्यं लिहून दिली. हे पैसे माझ्या वडिलांनी संत्र्याच्या उत्पन्नातून मला दिले. मी ते माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी ठेवले. यात माझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही.

मला दुकानात आलेल्या हमालाशीसुद्धा बोलता येत नसे, तर साहेबांशी काय बोलणार? म्हणून रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की तालीम सुरू व्हायची. हे डोक्यावर टोपी घालून खुर्चीवर बसत.

"मी साहेब हावो. बोल."

"हे पैसे माह्या बाबांनी..."

थोबाडीत बसायची. "बाबा काय बाबा? साहेबापुढं कुकुलं बाळ हायेस का? वडिलांनी मन."

"हे पैसे माझ्या वडिलांनी मला... मुलीच्या..."

"अन् संत्रे कुठं गेले? माकडानं खाल्ले?" पुन्हा थोबाडीत. चुकले की हात, अडखळले की हात, आवाज बारीक आला की पायातला जोडा. डावा कान तेव्हापासून नीट ऐकत नाही. मी जितकी मार खायची तितकी वाक्यं निसटत. मुलगी दाराशी उभी राहून ऐकायची. तिला ती माझ्या आधी पाठ झाली. एकदा मी 'संबंध' या शब्दाशी अडकले तेव्हा तिने हळूच पुढचं सांगितलं. यांनी तिची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. तिच्या कपाळाची खोक हळद भरून मी बांधली.

रात्री अंथरुणात तिने विचारलं, "माय, ते पैसे खरंच माह्या कालेजाचे हायेत?"

मी म्हटलं, "म्हनायचं तं तसंच हाये."

तिने ते धरून ठेवलं. तिला वाटलं, मोठी माणसं इतकं मारून पाठ करून घेतात ते खोटं कसं असेल. त्यानंतर ती गणितात वर्गात पहिली येऊ लागली.

साहेबांपुढे मी पदर गालावरून ओढून बसले, कारण गाल सुजला होता. साहेब पुण्याकडचे असावेत. "ताई, घाबरू नका, पाणी घ्या," म्हणाले. मी पाणी न घेता तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली. हे बाजूच्या बाकावर होते, त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग साहेबांनी न शिकवलेलं विचारलं.

"मुलीला कॉलेजात काय शिकायचंय?"

मग तोंडातून निघून गेलं, "सायन्स. ती म्हनते सायन्सच घेईन."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. बाहेर आल्यावर यांनी मला हॉटेलातून शेव आणि जिलबी घेऊन दिली. लग्नानंतर मी पहिल्यांदाच बाहेरचं खात होते. "सायन्स म्हटली ते झकास केलंस," हे म्हणाले. "साहेब गार झाला." जबडा दुखत होता, तरी मी सगळी जिलबी खाल्ली.

मुलगी मॅट्रिक झाली, चांगले मार्क मिळाले. माझा भाऊ अमरावतीला राजापेठेत शिंप्याचं दुकान चालवायचा. तो सुट्टीत तिला घेऊन गेला आणि तिकडेच कॉलेजचा फॉर्म आणला. फी भरायचा दिवस ठरलेला होता. भावाचं पत्र आलं की एवढे पैसे माझ्याजवळ नाहीत, दाजींना सांग.

मी ताट वाढताना सांगितलं. यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि मग ताट माझ्या अंगावर फेकलं. गरम वरण गळ्यावर, छातीवर सांडलं.

"कालेज? पोट्टीले कालेज? कोनाच्या पैशानं?"

"पोस्टातल्या," मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाईही हसल्या. त्याच हसण्यात हे म्हणाले की बरी आठवण केलीस, ती सर्टिफिकिटं मोडायचीच आहेत, सरकीत नुकसान झालं आहे, उद्या सही कर.

मी सही केली नाही. का नाही केली हे मला सांगता येणार नाही. मी नाही म्हटलंच नाही, नुसती बसून राहिले. पहिल्या दिवशी चपलेने मारलं. दुसऱ्या दिवशी पोत्याच्या दोरीने मारलं, ती ओली करून आणली होती. तिसऱ्या दिवशी यांनी माझा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि टाक धरायचं बोट मागे वळवू लागले.

"मुकी हायेस तं मुकी राय. सही तं कर!"

सासूबाई चुलीजवळून ओरडल्या, "अरे, उजव्या हाताचं नोको ना मोडू! मंग सही कोन करीन?"

तोवर ते मोडलं होतं. आवाज काटकी मोडल्यासारखा आला. मला आठवतं, मी ओरडले नाही पण खाली हमाल ओरडला, त्याला वाटलं वर काही पडलं. त्या रात्री कुठलं बोट कसं धरलं माहीत नाही, पण माझा हात धरून त्यांनी सही करून घेतली.

दुसऱ्या दिवशी हे पोस्टातून लाल होऊन परत आले. पोस्टमास्तरांनी कागद परत दिला होता. सही जुळत नाही, बाईंना समक्ष आणा. यांनी मला पुन्हा मारलं. या वेळी तोंडाला हात लावला नाही, कारण पोस्टात न्यायचं होतं. पाठीवर आणि मांड्यांवर मारलं.

सकाळी टांग्यातून नेलं. माझा हात फडक्यात बांधलेला होता, सुजून कोहळ्याएवढा झाला होता. पोस्टात मनीऑर्डरीची मोठी रांग होती. पोस्टमास्तर चष्मा लावलेले, रागीट वाटले.

"ही सर्टिफिकिटं तुमची?"

"तिचीच हायेत," हे म्हणाले.

"मी बाईंना विचारतोय. बाई, मुदत संपायच्या आधी मोडली तर व्याज कमी मिळेल. तुम्ही आपल्या मर्जीने मोडताय?"

"हो," मी म्हटलं. आणि मग मला थांबता येईना. "हे पैसे माझ्या वडिलांनी संत्र्याच्या उत्पन्नातून मला दिले. मी ते माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी ठेवले. यात माझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही."

कोणी याला धाडस म्हणेल, पण ते धाडस नव्हतं. परक्या माणसापुढे बोलायचं म्हटलं की मला तेवढंच पाठ होतं. हेसुद्धा हसले आणि म्हणाले, "पाठ हाये तिले. आना इकडं."

सही होत नव्हती म्हणून पोस्टमास्तरांनी साक्षीदार बोलावून माझा अंगठा घेतला. पैसे माझ्यापुढे ठेवले. यांचा हात आला त्याच्या आधी मी ते डाव्या हाताने ओढून पोटाशी धरले आणि खाली जमिनीवर बसले, गुडघ्यांत पोट घालून.

"दे इकडं."

मी दिले नाहीत. त्यांनी सगळ्या लोकांसमोर मला लाथ मारली, मग केस धरून ओढलं. माझं कुंकू फरशीला पुसलं गेलं. मी गुडघे सोडलेच नाहीत. रांगेतल्या माणसांनी त्यांना धरलं, एकाच्या तोंडावर यांनी ठोसा मारला, यांचाही ओठ फुटला. हे ओरडत होते, "माहा पैसा हाये! माहा! इच्या बापानं एक छदाम देल्ला नाही!"

पोस्टमास्तर काउंटरच्या बाहेर आले होते. ते म्हणाले, "असं? पैसे तुमचे? मग तसं लिहून द्या. मी वर कळवतो की बाईंच्या नावावर तुम्ही पैसे ठेवले होते."

यांचा हात वर होता, तो तसाच राहिला. लोकांनी मला उठवलं. मी घरी गेले नाही, मोटारस्टँडवर गेले आणि अमरावतीची मोटार धरली.

फी भरली गेली. हाडवैद्याने बोट ओढून बसवलं, पण ते वाकडं जुळलं आणि आता दुमडत नाही. उरलेले पैसे पुढच्या वर्षांच्या फीसाठी आणि वह्या-पुस्तकांसाठी भावाजवळ ठेवले. मुलगी पांढरं पातळ नेसून कॉलेजात जाऊ लागली. मला वाटलं झालं.

झालं नव्हतं. हे अमरावतीला आले आणि कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. मुलगी बाहेर आली तशी तिला सगळ्यांसमोर मारलं. "चोट्टीची पोर! चोरीच्या पैशावर शिकून राह्यली!" पुस्तकं फाडली, पातळ फाडलं. शिपायाने सोडवलं. मैत्रिणींनी तिला टांग्यात घालून घरी आणलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "माय, मी उद्यापासून जात नाही."

पाठोपाठ हे भावाच्या दुकानावर आले, सोबत दोन हमाल होते. हमाल माझ्या ओळखीचे. ते दाराशीच थांबले, आत आले नाहीत. यांनी एकट्याने भावाच्या कानशिलात मारली. भाऊ कापायच्या टेबलावर पडला. मग त्याने कपडा मोजायचा लोखंडी गज उचलला. मी माझ्या भावाला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्याने यांच्या खांद्यावर गज घातला, मग हातावर, मग पुन्हा खांद्यावर. हे खाली बसले तरी तो थांबेना. कोणा नवरदेवाचा कोट टेबलावर कापून ठेवला होता, तो रक्ताने भरला. मी भावाचे पाय धरले तेव्हा तो थांबला. थांबल्यावर आधी त्या कोटाकडेच पाहू लागला. "आता याचे पैसे कोन देईन?" म्हणाला.

दोन दिवसांनी तेच वकीलसाहेब राजापेठेत आले. दुकानात शिलाईच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसले. ते आधी हळू बोलले. मग भाऊ म्हणाला, "कोर्टात जा ना. जजापुढं सांगा पैसा कोनाचा हाये ते. माह्या बाबाच्या सहीचा कागद हाये साहेबापाशी."

वकीलसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कोर्टात जाता आलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो?" ते म्हणाले. "पैसे त्यांचे म्हटलं की इतक्या वर्षांचा कर आणि वर दंड. मी त्यांना सांगितलंय. पण ते ऐकत नाहीत. म्हणतात, कोर्ट नाही तर नाही, मी फाटकाशी रोज उभा राहीन. पोरगी किती दिवस जाते बघू."

मी पडद्याआड होते. मी बाहेर आले. वकीलसाहेबांशी मी त्याआधी एक शब्द बोलले नव्हते.

"त्याइले सांगा, पैसे परत देतो. मुद्दल सगळं. पन कालेजाच्या रस्त्यानं यायचं नाही. एकदा आले तं देनं बंद."

भाऊ माझ्यावरच उसळला. "काहून देतं वं? मारलं त्यानं, बोट मोडलं त्यानं, अन् तूच देतं? त्याचा हात अजून झोळीत हाये. पुन्हा आला तं दुसरा मोडतो."

"तू रोज फाटकाशी उभा राहशीन का?" मी विचारलं. "दुकान कोन पाहीन?"

मुलीलाही पटलं नाही. "त्या मानसाले एक पैसा नोको देऊ," म्हणाली. मी तिला म्हटलं, तू फक्त जा. तुझा रस्ता मोकळा राहिला पाहिजे, तो फुकटात राहत नसेल तर विकत घेऊ. ती दुसऱ्या आठवड्यापासून जाऊ लागली. पहिले काही दिवस मी फाटकापर्यंत सोबत जायची आणि पलीकडच्या झाडाखाली उभी राहायची. हे आले नाहीत.

मी भावाच्या दुकानात काजं करू लागले. बोट दुमडत नसल्यामुळे सुई दुसऱ्याच बोटांत धरावी लागे, सुरुवातीला रोज रक्त निघायचं आणि पांढऱ्या सदऱ्यांची काजं मला देत नसत. पुढे जमलं. काजं, बटणं, तुरपाई, लग्नसराईत पहाटेपर्यंत. त्यातून दर महिन्याला अकोल्याला मनीऑर्डर जायची. यांनी निरोप दिला होता की मजकुराच्या कुपनावर काही लिहायचं नाही, इन्कम टॅक्सला पुरावा नको, म्हणून ते कोरं ठेवायची. सासूबाई वारल्या तेव्हाही मनीऑर्डर चुकली नाही. मुलगी बी.एस्सी. झाली, एका शाळेत गणित आणि सायन्स शिकवायला लागली. तेव्हा तिने न बोलता आपल्या पगारातले पैसे माझ्या डब्यात टाकायला सुरुवात केली आणि फेड लवकर होत आली.

शेवटची रक्कम मी स्वतः घेऊन गेले. मुलगी सोबत येते म्हणाली, मी आणलं नाही. अकोल्याच्या दुकानात आता पोती थोडी होती. हे गादीवर एकटेच बसले होते, खांदा एका बाजूला उतरलेला. मला पाहून उठले नाहीत.

मी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या. "हे शेवटचे," म्हटलं.

"अन् व्याज?"

"मुद्दल म्हटलं होतं."

त्यांनी तराजूतलं लोखंडी वजन उचललं. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला टेकले. इतक्या वर्षांनीही अंगाला आधी तेच कळलं. त्यांनी ते वजन नोटांवर ठेवलं, कारण दारातून वारा येत होता. मग बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि मान हलवली. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. पैसे सगळे फिटले होते.